आधी श्वास, मग आजाराचे नाव



जून लागला की आमच्या कामाचे स्वरूप बदलते. बालवाडी, बचतगट, शिवणवर्ग हे सगळे चालू राहते, पण रात्रीचे फोन वाढतात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या पाड्यांवरून निरोप येतात. कोणाला साप चावलेला असतो, कोणाच्या अंगात फवारणीचे औषध भिनलेले असते, कुठे तापात मूल बेशुद्ध पडलेले असते. आपण पाठवलेल्या अर्पणांतून रुग्णसाहाय्याची गाडी चालते, हे आपल्याला ठाऊक आहे. मार्चमध्ये आपल्यापैकी काही जण काम पाहायला आले होते, तेव्हा एका बहिणीने मला विचारले, “ताई, गाडी दवाखान्याच्या फाटकात पोहोचली की तुमचे काम संपते ना? पुढे डॉक्टर असतातच.”

प्रश्न रास्त होता, पण उत्तर ‘नाही’ असे आहे. आमच्या अनुभवात रुग्ण हातचा जाण्याची भीती दोन ठिकाणी सर्वांत जास्त असते. एक, पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटेत, जिथे अजूनही बांबूच्या झोळीतून माणूस उचलून आणावा लागतो. आणि दुसरी, आपत्कालीन विभागाच्या बंद दाराबाहेर, जिथे नातेवाईक बसलेले असतात आणि आत काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. पहिल्या वाटेबद्दल या पत्रिकेत पूर्वी लिहून झाले आहे. आज दुसऱ्याबद्दल लिहिते. मी डॉक्टर नाही. माझ्याजवळ थिऑलॉजीचा डिप्लोमा आणि या दाराबाहेर काढलेली सतरा वर्षे आहेत. डॉक्टरांना, सिस्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजले तेच इथे मांडत आहे.

पहिली तक्रार नेहमी रांगेची असते. “आम्ही आधी आलो, आणि मागून आलेल्याला आत घेतले.” केसपेपरच्या खिडकीवर रांग नंबराने चालते, पण आपत्कालीन विभागात ती तशी चालत नाही. तिथे दारातच एक सिस्टर किंवा डॉक्टर रुग्णाकडे पाहून, नाडी धरून, दोन प्रश्न विचारून त्याची वर्गवारी करतात. याला ‘ट्रायेज’ म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणे, वेगवेगळे करणे. लाल म्हणजे आत्ताच हात लावला नाही तर जीव जाईल. पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल, पण नजर ठेवायला हवी. हिरवा म्हणजे त्रास आहे, मात्र जिवाला धोका नाही. हाड मोडलेला माणूस मोठमोठ्याने ओरडत असतो आणि त्याच्या शेजारी एक बाई भिंतीला टेकून गप्प बसलेली असते. अनुभवी सिस्टर आधी त्या बाईकडे जाते. जो ओरडतो त्याचा श्वास नीट चालू आहे, हे ओरडण्यातूनच कळते. गप्प बसलेल्याचे तसे काही कळत नाही.

इथे आमच्या माणसांची एक अडचण होते. पावरा, भिल्ल, मावची, कोकणी माणूस परक्या जागी बोलत नाही. कळा सोसत खाली बघून बसतो. विचारले तर “बरं आहे” म्हणतो, कारण मराठीत दुखणे नेमके कसे सांगायचे ते सुचत नाही. गर्दीच्या रात्री अशा माणसाला हिरव्यात टाकले जाऊ शकते. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही पहिले काय शिकवले असेल तर दाराशी उभे राहून तीन वाक्ये स्पष्ट बोलायला: काय झाले, किती वाजता झाले, आणि तेव्हापासून काय बदलले. “रात्री तीनला पोटात दुखायला लागले, पाचला पापण्या जड झाल्या, आता थुंकी गिळता येत नाही.” एवढे वाक्य ऐकले की सिस्टर धावत स्ट्रेचर आणते. प्रवासात किती ताटकळलो, गाडी कशी मिळाली नाही, हे नंतर सांगता येते.

दुसरी तक्रार याहून खोल आहे. “डॉक्टरांनी काय झाले ते धड विचारलेही नाही, नुसता मास्क लावला आणि सुई टोचली.” आपल्या मनात उपचाराचा क्रम असा असतो की आधी आजार ओळखायचा, मग त्यावर औषध द्यायचे. बाह्यरुग्ण विभागात तसेच होते. गंभीर रुग्णाच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ लागते. आजाराचे नाव शोधायला एवढा अवधी पुरत नाही. म्हणून डॉक्टर आधी घशाची वाट मोकळी आहे का ते पाहतात. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडतो, त्यासाठी हनुवटी वर उचलतात, तोंडातली लाळ, उलटी ओढून काढतात. मग छाती हलते का, बोटाला लावलेला चिमटा किती आकडा दाखवतो ते पाहतात. निरोगी माणसात तो साधारण ९५ च्या वर असतो. मग नाडी, बीपी, हातपाय गार पडलेत का, कुठून रक्त जाते आहे का, हे बघून शिरेत सुई आणि सलाईन. हे सगळे चार-पाच जण एकाच वेळी करत असतात. बाहेरून ती झोंबाझोंबी वाटते, पण प्रत्येकाला आपले काम ठरलेले असते.

याच घाईत कोणीतरी बोटाला टोचून साखर तपासतो. बेशुद्ध आलेल्या प्रत्येकाची ही तपासणी होते, कारण साखर फार उतरली असेल तर माणूस मेल्यासारखा पडतो आणि शिरेतून ग्लुकोज दिले की बरेचदा काही मिनिटांत डोळे उघडतो. मधुमेहाच्या गोळ्या खाऊन उपाशी राहिलेली म्हातारी माणसे आणि जुलाबाने सुकलेली लेकरे अशी उठून बसताना मी पाहिली आहेत. नातेवाइकांना तो चमत्कार वाटतो. मला त्यात देवाची कृपा दिसते, आणि ती वेळेत टोचणाऱ्या त्या परिचारिकेच्या हातातही दिसते.

आता पावसाळ्याचा मुख्य विषय घेते. भारतात सर्पदंशाने किती माणसे दगावतात याचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. दुर्लक्षित हा शब्द बरोबर आहे, कारण हा शहराचा आजार नाही. तो भात लावणाऱ्यांचा आणि जमिनीवर झोपणाऱ्यांचा आहे.

आमच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण येतात आणि त्यांचे आपत्कालीन विभागातले उपचार वेगवेगळ्या वाटेने जातात. पहिला घोणस किंवा फुरसे चावलेला. पाय सुजतो, ठणकतो, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ लागते, कारण विषाने रक्त गोठण्याची ताकद संपते. याची तपासणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चकित झाले. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. ना यंत्र, ना वीज. पण ही वीस मिनिटे बाहेर बसलेल्या घरच्यांना असह्य होतात. “नळी भरून ठेवली आणि सगळे निघून गेले,” असे मला एका बापाने रागाने सांगितले होते. मी त्याला घड्याळ दाखवले, तपासणी समजावली, आणि मग तो स्वतःच दर दोन मिनिटांनी वेळ विचारू लागला.

रक्त गोठले नाही तर प्रतिविष देतात. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर एकच असते. म्हणून साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणायची गरज नाही. तो पकडण्याच्या नादात दुसऱ्याला चावलेलेही आम्ही पाहिले आहे. प्रतिविष बहुधा पावडरच्या रूपात येते. सिस्टर एकेक बाटली हातात धरून हलकेच फिरवत विरघळवते, त्यात वेळ जातो, जोरात हलवून चालत नाही. सुरुवातच साधारण दहा बाटल्यांची असते. आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा देतात. हे ऐकून आईबाप घाबरतात, “एवढ्याशा पोराला दहा?” पण साप चावताना समोर मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही. मारायचे असते ते विष, मग पोर केवढे का असेना.

या बाटलीचा उगम मला आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावासा वाटतो. प्रतिविष तयार करताना घोड्यांना विषाच्या अगदी थोड्या मात्रा देतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेले प्रतिकारक घटक वेगळे काढतात. घोड्याच्या रक्तातले असल्याने काहींना त्याची रिअॅक्शन येते, म्हणून शेजारी अॅड्रिनलिनचे इंजेक्शन भरून ठेवलेले असते आणि हे औषध पाड्यावर जाऊन टोचता येत नाही. त्यासाठी लागणारे सापाचे विष मात्र माणसालाच काढावे लागते. देशातल्या विषाचा फार मोठा भाग तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतो. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सदस्य साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. म्हणजे सातपुड्यातल्या पोराच्या शिरेत जाणाऱ्या औषधाची सुरुवात दुसऱ्या एका आदिवासीच्या हातात झालेली असते. ‘आपण आदिवासींना मदत करतो’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा मला ही बाटली आठवते.

दुसरा प्रकार मण्यारीचा, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही, ठणका नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. घरचे म्हणतात, काहीतरी वाईट खाण्यात आले. तासा-दोन तासांत पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, गिळता येत नाही, मान पडते. आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिविष देतातच, पण मण्यारीचे विष नसांच्या टोकांत एकदा रुतले की प्रतिविषाने ते मागे घेता येत नाही. नसांची टोके शरीराला पुन्हा घडवावी लागतात. त्याला कित्येक दिवस लागतात, कधी आठवडेही. तोवर दुसऱ्या कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा असतो. मण्यारीचा मुख्य उपचार म्हणजे हा उसना श्वास.

दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत एकोणीस वर्षांचा एक मुलगा असाच आला. १०८ मधल्या डॉक्टरांनी वाटेतच फुगा दाबायला सुरुवात केली होती. फुगा म्हणजे अँब्यू बॅग, हाताने दाबायची रबरी पिशवी. तालुक्याच्या दवाखान्यात घशात नळी घातली, प्रतिविष सुरू केले. पुढे अतिदक्षता विभागात न्यायचे होते, पण व्हेंटिलेटर असलेली गाडी येईपर्यंत दोन तास गेले. ते दोन तास सिस्टर, वॉर्डातले मामा, आमचा ड्रायव्हर आणि मुलाचा चुलतभाऊ आळीपाळीने फुगा दाबत होते. पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती वर येईल इतकेच. चुलतभावाचा हात थरथरत होता. सिस्टर त्याला म्हणाली, “तू दाबतोस तोवर तो आहे. मोजत राहा.” त्याने मावचीत मोजले.

हे वाचून आपल्याला वाटेल की ही आपल्या मागासलेल्या भागाची जुगाडू पद्धत. तसे नाही. आज जगभर जे अतिदक्षता विभाग आहेत त्यांचा आरंभ अशाच हातांनी झाला. १९५२ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडॅम रुग्णालयात रोज येत होती आणि यंत्रे मोजकीच होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला आणि ती तगली. मग वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले. शेकडो रुग्णांना या हातांनी श्वास दिला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

आमच्या मुलाकडे परत येते. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात तो निपचित होता. पापणी हलत नव्हती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर, चिमटा काढला तरी काही नाही. आजोबा मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “ताई, हा गेला आहे. यंत्र नुसती हवा भरते आहे. आम्हाला सही करू द्या. घरी नेतो.” भाऊ, काका, पाड्याचा कारभारी, सगळ्यांचे हेच मत होते. आणि डोळ्यांना जे दिसत होते त्यावरून ते चुकीचे म्हणता येत नव्हते. मण्यारीचा गंभीर रुग्ण हुबेहूब मेलेल्या माणसासारखा दिसतो. फरक एवढाच की हृदय चालू असते आणि आत माणूस बहुतेक वेळा जागा असतो. त्याला ऐकू येते.

मी डॉक्टरांना विनंती केली की हे मला नको, आजोबांना दाखवा. त्यांनी आजोबांना खाटेजवळ बोलावले, मुलाच्या दोन्ही पापण्या बोटांनी वर धरल्या आणि त्याला मोठ्याने सांगितले की ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव. काही झाले नाही. आजोबांनी स्वतःच्या बोलीत तेच सांगितले. थोड्या वेळाने उजव्या अंगठ्याने अगदी किंचित हालचाल केली. आजोबा काही बोलले नाहीत. बाहेर आले, कारभाऱ्याला म्हणाले, “तुम्ही जा, लावणी उरका. मी थांबतो.” नवव्या दिवशी नळी निघाली. बोलता यायला लागल्यावर मुलाने पहिल्यांदा काय सांगितले असेल, तर खर्चासाठी काळी बकरी विकायची की तांबडी, यावर त्याच्या खाटेशी झालेला वाद. शब्दन् शब्द त्याला आठवत होता.

प्रत्येकाचा अंगठा हलत नाही, हेही लिहिले पाहिजे. पूर्ण लुळा पडलेला माणूस काहीच दाखवू शकत नाही आणि तरी तो बरा होऊ शकतो. डॉक्टर सांगतील तोवर धीर धरावा लागतो. आणि काही जण सगळे करूनही जातात. गेल्या ऑगस्टमध्ये घोणस चावलेली सात वर्षांची मुलगी रात्रभर पाड्यावरच होती. ती आली तेव्हा मूत्रपिंडे थांबली होती. आम्ही तिला चौथ्या दिवशी परत आणली.

नातेवाईक रुग्णाला मधेच घरी का नेतात, याला आपण अज्ञान म्हणतो. मला ते पटत नाही. त्यामागे बहुतेक वेळा नीट केलेला हिशेब असतो. लावणी चार दिवसांत आटपली नाही तर वर्ष जाते. घरी बकऱ्या, लहान पोरे कोण बघणार? दवाखान्याबाहेर दोन वेळचे जेवण विकत घ्यावे लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट कोणी उघड बोलत नाही. जिवंत माणूस गाडीत बसवून नेणे आणि मृतदेह नेणे यांच्या भाड्यात फार फरक असतो. काही गाड्या मृतदेह घेतच नाहीत. शिवाय शवविच्छेदनाची भीती. मरायचेच असेल तर आपल्या मातीत, आपल्या माणसांत मरू दे, असे त्यांना वाटते. यात मला माणुसकीच दिसते. म्हणून “सही करू नका” एवढे सांगून भागत नाही, हिशेबातले आकडे बदलावे लागतात. आपल्या निधीतून आम्ही एका नातेवाइकाचे जेवण आणि राहणे पाहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राशी बोलून रेशनकार्डाची कागदपत्रे पुरी करतो. आणि पहिल्याच दिवशी एक शब्द देतो: काहीही झाले तरी माणसाला घरी पोहोचवायची जबाबदारी आमची. हा शब्द दिल्यापासून मधेच उठून जाणारी कुटुंबे कमी झाली, असे आमच्या कार्यकर्त्यांचे सांगणे आहे.

कीटकनाशकाच्या विषबाधेबद्दल थोडक्यात. फवारताना अंगावर सांडून असो किंवा पोटात जाऊन असो, आमच्या भागात नेहमी दिसणाऱ्या प्रकारात तोंडाला फेस, घाम, बारीक बाहुल्या आणि छातीत घरघर अशी लक्षणे असतात. आपत्कालीन विभागात आधी कपडे काढून अंग साबणाने धुतात आणि अॅट्रोपिन देतात. छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातात. मग रुग्णाचा चेहरा लाल होतो, तो बरळतो, हवेत काहीतरी पकडतो. हात बांधलेले पाहून घरच्यांना वाटते की औषधाने वेड लागले. तो औषधाचा परिणाम असतो आणि उतरतो. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नये, ती फुप्फुसात जाते. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल मात्र सोबत आणावे. आणि ज्याने स्वतः हे औषध घेतले, त्याच्या खाटेशी “का केलेस?” हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारत नाही. ते बोलणे नंतर, शांतपणे, पाळकांच्या किंवा समुपदेशकाच्या सोबतीने होते.

अशा प्रकरणांत आणि सर्पदंशातही दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात. पोलीस दिसले की पाड्यावरची माणसे पसार होतात. ही नोंद आरोप नसते आणि उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की जीव वाचवणे आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. एका स्कूटरस्वाराला अपघातानंतर जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून दूरच्या रुग्णालयात धाडले आणि तो वाटेत मेला, त्यावरून तो खटला उभा राहिला होता. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. अपघातग्रस्ताला सद्‍हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कायद्याने त्या माणसाला दिलेले नाव आहे ‘गुड समॅरिटन’, म्हणजे आपल्या दाखल्यातला चांगला शोमरोनी. रविवारच्या शाळेत तो दाखला शिकवताना मी आता उतारशाळेच्या मालकावर जास्त वेळ थांबते. शोमरोन्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून आणले, एवढ्यावर तो निघून गेला नाही. रात्रभर सोबत राहिला, पैसे दिले, आणखी खर्च आला तर परतताना देईन म्हणाला. पण पुढचे दिवस काढले उतारशाळेवाल्याने. त्याचे नावही कोणी विचारत नाही.

सिकलसेलविषयी आपण शिबिरांतून ऐकले आहे, इथे आपत्कालीन विभागापुरते सांगते. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटतील अशा कळा येतात. बाहेरून काही दिसत नाही, जखम नाही, सूज नाही. त्यामुळे “नाटक करते” असे ऐकून घेतलेल्या मुली मला माहीत आहेत. या रुग्णांना सलाईन, चांगले वेदनाशामक आणि गरजेनुसार ऑक्सिजन लगेच लागतो. सोबत ताप किंवा छातीत दुखणे असेल तर ते अधिक धोक्याचे. दाराशी बोलायच्या वाक्यांत “सिकलसेल आहे” हे वाक्य पहिले असले पाहिजे आणि तपासणीचे कार्ड हातात असले पाहिजे. आमच्या वसतिगृहातल्या मुली ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून दप्तरातच ठेवतात.

आता एका वादाच्या मुद्द्यावर येते. आमची गाडी कधी कधी भगताला सोबत घेऊन येते, हे काही वाचकांना खटकले आहे. दोन पत्रे आली आहेत, ती मी आदराने वाचली. परिस्थिती अशी की साप चावला की पाड्यावर पहिले बोलावणे भगताला जाते. त्याला वगळून रुग्ण उचलला तर घरचे तयार होत नाहीत आणि वादात तास जातो. मण्यारीच्या बाबतीत तो तास म्हणजे सगळे काही. आम्ही त्याला म्हणतो, “बाबा, तुम्हाला जे करायचे ते गाडीत बसून करा, गाडी थांबणार नाही.” तो बसतो. त्याच्या मंत्रांना माझी संमती नाही आणि हे त्यालाही माहीत आहे. मी माझी प्रार्थना करते. आता दोघे भगत असे आहेत की आम्हाला फोन तेच करतात. करकचून बांधलेली दोरी, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, यांतले काही करू नका, हे त्यांनी आमच्याकडून ऐकून घेतले आहे. कोणी आधीच आवळून बांधले असेल तर वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावे, हेही त्यांना पाठ आहे.

रुग्ण येण्याआधीचे काम सगळ्यांत स्वस्त आहे. जमिनीवरून खाटेवर झोपणे, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे आणि रात्री बाहेर जाताना बॅटरी, एवढ्यावर मण्यारीचे बरेच दंश टळतात. यंदा तीन पाड्यांवर मच्छरदाण्या द्यायच्या आहेत. त्या लावणी सुरू होण्याआधी पोहोचल्या पाहिजेत, कारण एकदा ओढे भरले की धडगावकडची वाट आठ-आठ दिवस बंद असते. मागच्या वर्षी दिलेल्या मच्छरदाण्यांपैकी काही कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलेल्या आढळल्या. विचारल्यावर एका आजीने सांगितले की कोंबड्यांनाही साप चावतो. या वेळी त्यांच्यासाठी आम्ही जुनी जाळी वेगळी मागवली आहे.